बिनगिअरची सायकल आणि दुखरे गुडघे : सात महिने वापरल्यावर

सोलापूर सपाट, इथे गिअर कशाला, असं दुकानदारसुद्धा सांगतो. पण होटगी रोडवर वारा समोरून आला की तोच चढ. पुढे पेडलपाशी 44 दात्यांचं चेनव्हील, मागच्या चाकाला 18 दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे सगळा जोर गुडघ्यावर.

आधी सीट. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, मांड्यांत जाड वही वर घट्ट दाबायची, जमिनीपासून तिच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं आणि 0.883 ने गुणायचं. माप 80 सेंमी असेल तर क्रँकच्या (पेडल धरणाऱ्या दांड्याच्या) अॅक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत 70.6. गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागे ओढ बसत असेल तर वर. एका वेळी 5 मिमीच हलवा. कंबर डावी-उजवी डुलायला लागली की जास्त झालं.

खरा उतार पडला तो 22 दात्यांच्या फ्रीव्हीलने. 28 इंची चाकाला पेडलच्या एका फेरीत 5.4 मीटरऐवजी 4.4 मीटर, पायावरचा जोर साधारण 18 टक्के कमी. मागचं चाक फोर्कएंडमध्ये (अॅक्सल बसतो त्या खाचेत) अर्धा इंच पुढे घ्यायला जागा नसेल तर चेनला दोन कड्या जोडाव्या लागतात.

क्रँक 170 चे काढून 152 मिमीचे बसवले की सीट 18 मिमी वर न्यावी लागते. पेडल माथ्यावर असताना गुडघ्याला 36 मिमी मोकळीक मिळते. मात्र जुनंच 18 चं फ्रीव्हील ठेवून नुसते क्रँक बदलणं हा शुद्ध तोटा : तरफ आखूड, जोर 12 टक्के जास्त. बरेच जण इथेच फसतात आणि आखूड क्रँकला नावं ठेवतात.

कॉटरलेस (खिळीऐवजी नटाने आवळलेला) क्रँक हातोडीने ठोकून काढू देऊ नका, बेअरिंग जातं. क्रँक ओढून काढायचं हत्यार, म्हणजे पुलरच वापरायला लावा. पहिल्या 50 किलोमीटरनंतर नट परत आवळायचा, नाहीतर अॅल्युमिनियमचं चौकोनी भोक गोल होतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हेही मिस्त्रीला आठवण करून दिलेलं बरं.

गुडघा सुजत किंवा अडकत असेल तर आधी हाडांचे डॉक्टर, पाना नंतर.

सात महिन्यांत पुढचं दुखणं बरंच उतरलं. पुलाच्या चढावर उभं राहून मारली की कळ अजूनही येते. वारा पाठीशी असला की पाय नुसते भिरभिरतात, वेग ताशी 20 किलोमीटरच्या पुढे फारसा जात नाही.