पॅराडॉक्स आरटीएक्स३ : वायरिंग झालेल्या घरात वायरलेस झोन

भिंती फोडायच्या नाहीत, पण खिडक्यांना सेन्सर हवेत, तर पॅराडॉक्स कंपनीच्या स्पेक्ट्रा एसपी किंवा ईव्हीओ या चोर-अलार्मच्या पॅनेलला आरटीएक्स३, म्हणजे वायरलेस सेन्सरचे सिग्नल घेणारं मॉड्यूल, जोडणं हा आमच्या मते सगळ्यात सरळ मार्ग. एका मॉड्यूलवर 32 वायरलेस सेन्सर बसतात.

जोडणी चारच तारांची: लाल, काळी, हिरवी, पिवळी. त्याआधी पॅनेलची मेन लाइन तर बंद कराच, बॅटरीही काढा. नुसता मेन बंद करून स्क्रू आवळणं महागात पडतं. मॉड्यूल पॅनेलला सापडत नसेल तर पहिला संशय हिरव्या-पिवळ्या तारांच्या अदलाबदलीवर घ्या. पॅनेलपासून केबल 76 मीटरच्या आत ठेवा, नाहीतर व्होल्टेज पडतं.

खरी परीक्षा जागेची. वायरिंग सोपं पडतं म्हणून अनेक जण मॉड्यूल पॅनेलच्या पत्र्याच्या पेटीतच घालतात आणि मग मागच्या खोलीतला सेन्सर हरवत राहतो. ते घराच्या मध्यावर, उंचावर लावा. लोखंडी कपाट, ट्यूबलाइटचा चोक, इन्व्हर्टर यांच्यापासून लांब. अँटेना वाकवू नका, कापू तर मुळीच नका.

सेन्सर पक्का करण्याआधी दुहेरी टेपने चिकटवून सिग्नल तपासा. सिग्नलच्या ताकदीचा आकडा 4 किंवा त्याखाली आला तर जागा थोडी सरकवा. कधीकधी वीतभर हलवलं तरी फरक पडतो.

खरेदीत एकच सावधगिरी: 433 आणि 868 मेगाहर्ट्झ अशा दोन आवृत्त्या मिळतात, आणि एकीचे सेन्सर दुसरीला ऐकूच येत नाहीत. खोक्यावरचा आकडा वाचूनच पैसे द्या.