साधी बकेट की फोर-इन-वन?

स्किड स्टिअर लोडरला, म्हणजे माल उचलून भरणाऱ्या छोट्या यंत्राला, साधी बकेट घ्यावी की फोर-इन-वन (उघडझाप होणारी, अनेक कामांची बकेट), हा प्रश्न किमतीइतकाच वजनाचाही आहे. चाकांच्या लोडरची निर्धारित वहनक्षमता, यंत्र ज्या भाराला कलंडते त्याच्या 50 टक्के धरली जाते आणि बकेट जितकी जड, तितका माल कमी उचलता येतो; स्वतःचे हायड्रॉलिक सिलिंडर वागवणारी फोर-इन-वन येथे मागे पडते. मात्र पाडकामाच्या जागी तीच बकेट राडारोडा चिमट्यासारखा पकडते, जमीन सपाट करते आणि तळ उघडून ट्रकमध्ये माल सोडते, तेही चालकाला खाली न उतरवता. तिला सहायक हायड्रॉलिक जोडणी (बकेटच्या सिलिंडरना यंत्रातून तेलाचा दाब पुरवणारी) लागते, हे खरेदीपूर्वीच तपासावे. केवळ वाळू-खडी भरायची असेल, तर साधी बकेटच घ्यावी; तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसतेच.