बेनोर्डनहाउट की हिलेगर्सबर्ग: झाडांच्या सावलीतले घर घेण्यापूर्वी

नेदरलँड्समधील हेग आणि रॉटरडॅम ही दोन शहरे रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. त्यामुळे या भागात नोकरी असलेल्या आणि आता भाड्याचे घर सोडून स्वतःचे घेऊ पाहणाऱ्या अनेक कुटुंबांच्या यादीत दोन्हीकडची घरे एकत्रच येतात. त्यातही मोठी झाडे, शांत रस्ते आणि विटांची जुनी घरे हवी असतील, तर हेगमधील बेनोर्डनहाउट आणि रॉटरडॅममधील हिलेगर्सबर्ग ही दोन नावे हमखास समोर येतात. दोन्ही आपापल्या शहरातील महागड्या वस्त्या आहेत आणि दोन्हीकडे घर पाहायला गेलेला माणूस पहिल्या भेटीतच हरखून जातो. मात्र या दोन वस्त्यांमधील खरा फरक रस्त्यावरून दिसत नाही. तो घराखालच्या जमिनीत आहे, आणि पुढचा बहुतेक खर्च त्यावरच ठरतो, असे माझे ठाम मत आहे.

तरीही आधी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी पाहू. बेनोर्डनहाउट हे हेगच्या जुन्या अरण्याच्या, म्हणजे हागसे बोसच्या, उत्तरेला वसले आहे. हे अरण्य कधीही तोडले वा विकले जाणार नाही, अशी लेखी हमी १५७६ साली देण्यात आली आणि शहराच्या मधोमध ते आजही उभे आहे. वस्तीच्या दुसऱ्या बाजूला क्लिंगेंडाल ही जुनी वाडी असून तिथली जपानी बाग वर्षातून वसंतात आणि शरदात थोडेच आठवडे उघडी असते. हिलेगर्सबर्ग मात्र १९४१ पर्यंत स्वतंत्र गाव होते. रॉटरडॅममध्ये सामील झाल्यानंतरही त्याने आपला गावपणा टिकवून ठेवला आहे. दोन तळ्यांच्या मध्ये वसलेल्या या वस्तीत काही घरांच्या बागा थेट पाण्यापर्यंत उतरतात, आणि मुलांसाठी १९२३ पासूनचे प्लासवाइक पार्क हाकेच्या अंतरावर आहे. केवळ निसर्गसौंदर्याचा विचार केला तर मी हिलेगर्सबर्गला झुकते माप देईन, कारण झाडे आणि पाणी यांचा असा शेजार हेगमध्ये सहसा मिळत नाही.

परंतु ही तळी तिथे का आहेत, हा प्रश्न घर घेणाऱ्याने स्वतःला विचारलाच पाहिजे. जळणासाठी शतकानुशतके पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती, खणून काढली गेली आणि त्या खड्ड्यांत पाणी साचून ही तळी तयार झाली. हिलेगर्सबर्गचे जुने चर्च नदीकाठच्या एका प्राचीन वाळूच्या उंचवट्यावर उभे आहे, पण त्याच्या सभोवती बहुतांशी हीच मऊ आणि सतत खचणारी जमीन आहे. म्हणून दुसऱ्या महायुद्धापूर्वीची घरे लाकडी खांबांवर उभारली गेली. हे खांब भूजलात पूर्ण बुडालेले असतील तर दीर्घकाळ टिकतात, पण पाण्याची पातळी उतरून त्यांची डोकी उघडी पडली की हवा लागून ती कुजू लागतात. पाइनच्या खांबांना पाण्याखालीही जिवाणू पोखरू शकतात. याउलट बेनोर्डनहाउटचा मोठा भाग जुन्या किनाऱ्याच्या वाळूच्या पट्ट्यांवर आहे, आणि घट्ट वाळूवर खांबांशिवाय थेट पाया घालता येतो. अर्थात अशा दोन पट्ट्यांच्या मधल्या सखल भागात तिथेही पीट सापडते. त्यामुळे ‘हेग म्हणजे वाळू’ एवढ्यावर विसंबून न राहता त्या विशिष्ट रस्त्याची चौकशी करणे भाग आहे. निव्वळ वाळूच हवी असेल तर समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांलगतची हेगमधील फोगेलवाइक ही वस्ती पाहावी, पण तिथे भाव आणि स्पर्धा दोन्ही तीव्र असतात.

ही भीती अतिशयोक्त वाटत असेल, तर राहण्याचा परिसर, पर्यावरण आणि पायाभूत सुविधांविषयी डच सरकारला सल्ला देणाऱ्या परिषदेने २०२४ मध्ये काय सांगितले ते लक्षात घ्यावे. देशातील सुमारे ४,२५,००० इमारतींच्या पायाला नुकसान झालेले आहे किंवा २०३५ पर्यंत होईल, असा तिचा अंदाज आहे. एका घराचा पाया नव्याने घालण्याचा खर्च सहज लाख युरोच्या आसपास जाऊ शकतो आणि नेहमीच्या घरविम्यात हे नुकसान सहसा धरले जात नाही.

म्हणून हिलेगर्सबर्गमध्ये घर पाहताना स्वयंपाकघराच्या आधी जमिनीकडे पाहावे. पुढच्या दारातून आत शिरताच पायपुसण्याखाली बहुधा एक लाकडी झाकण असते. ते उचलायला सांगून खालच्या पोकळीत विजेरीचा झोत टाकावा. तिथे पाणी साचलेले आहे का, ओलीचा दर्प येतो का आणि वाळू भिंतीपासून किती खाली गेली आहे, हे तेवढ्यात कळते. नंतर रस्त्याच्या पलीकडे उभे राहून दोन विटांमधील आडव्या चुन्याच्या रेषा पूर्ण ओळीभर न्याहाळाव्यात. एका घरापाशी रेषा खाली झुकत असेल, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या असतील किंवा दारापुढे मागाहून एखादी पायरी वाढवलेली असेल, तर जमीन आणि घर एकाच गतीने खचत नाहीत असे समजावे. घर खांबांवर टिकून राहिले तरी बाग खाली जातच राहते. नगरपालिका ठरावीक काळाने रस्ता उंच करते, पण बागेत वाळू भरणे आणि तुटलेली सांडपाण्याची नळी जोडणे हे मालकाच्या खिशातून होते. भूजलाच्या बाबतीतही तसेच आहे: स्वतःच्या जागेची जबाबदारी मालकाची आणि सार्वजनिक जागेची नगरपालिकेची, तर कालव्यांची पातळी जलमंडळ ठरवते.

यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. हिलेगर्सबर्गमधील ओळीतली घरे कागदोपत्री स्वतंत्र असली, तरी त्यांचा पाया बहुधा सामायिक असतो. एकट्याच्या घराखाली नवा पाया घालून उपयोग होत नाही, कारण शेजारचे घर खचतच राहिले तर सामायिक भिंत फाटते. म्हणजे अशी ओळ ही एक सोसायटीच असते, फक्त तिला सचिव नसतो, सभा नसते आणि सिंकिंग फंडही नसतो. शेजाऱ्यांपैकी एखाद्याकडे पैसे नसतील किंवा त्याची इच्छा नसेल, तर काम वर्षानुवर्षे रखडू शकते. म्हणून घर पाहून झाल्यावर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे दार वाजवून, पायाची तपासणी झाली आहे का आणि ओळीत त्याविषयी काही बोलणे चालले आहे का, हे विचारावे. डच माणसे अशा थेट प्रश्नाचा राग मानत नाहीत. रॉटरडॅमच्या नगरपालिकेत पायाविषयी माहिती देणारा स्वतंत्र कक्षही आहे.

बेनोर्डनहाउटमध्ये जमिनीची चिंता बरीच कमी होते, पण कागदांची वाढते. तिथे स्वतंत्र घरांपेक्षा १९२० आणि १९३० च्या दशकांतील तीन-चार मजली इमारतींमधील फ्लॅट अधिक प्रमाणात विक्रीला येतात. फ्लॅट म्हटला की मालकांची संघटना, म्हणजे व्हीव्हीई, आलीच. २०१८ पासून प्रत्येक संघटनेने दीर्घकालीन देखभाल आराखड्यानुसार किंवा इमारतीच्या पुनर्बांधणी मूल्याच्या किमान अर्धा टक्का दरवर्षी, असा राखीव निधी जमा करणे बंधनकारक आहे. तरीही तीन-चार फ्लॅटच्या छोट्या इमारतींमध्ये ही संघटना नावापुरतीच असू शकते. गेल्या तीन वर्षांची इतिवृत्ते, निधीतील शिल्लक आणि छपराच्या पुढच्या दुरुस्तीचे वर्ष, एवढे हातात आल्याशिवाय बोली लावू नये. दुसरा कागद जमिनीचा. हेगमध्ये बरीच जमीन नगरपालिकेच्या मालकीची असून ती दीर्घ भाडेपट्ट्याने दिलेली असते. पट्टा कायमचा आहे आणि भाडे एकरकमी भरून टाकलेले आहे, तर मालकी हक्काच्या जमिनीपेक्षा फारसा फरक पडत नाही. पण मुदत संपत आली असेल, तर नव्या अटींचा आकडा विकत घेण्यापूर्वीच समजला पाहिजे.

भारतातून आईवडील काही महिन्यांसाठी येणार असतील, तर हेगच्या जिन्याचा विचार वेगळा करावा लागतो. या जुन्या इमारतींत रस्त्यावरून उघडा दगडी जिना पहिल्या मजल्यापर्यंत जातो आणि वरच्या घरांचे दार उघडल्यावर आत आणखी एक अरुंद, खडा जिना सुरू होतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्या व्यक्तीला हा दुसरा जिना रोज चढणे अवघड जाते. त्यामुळे अशा कुटुंबाने तळमजल्यावरचा, मागे बाग असलेला फ्लॅटच शोधावा. त्याची किंमत जास्त पडली तरी ती योग्य ठरते. मजल्यांमधील तक्तपोशी लाकडी असल्याने आवाज वरखाली पोचतो हेही ध्यानात ठेवावे.

दैनंदिन जीवनाच्या बाबतीत दोन्हींचे पारडे जवळपास सारखे आहे. बेनोर्डनहाउटमधून हेगचे मुख्य स्थानक सायकलने जवळ पडते, तर हिलेगर्सबर्गमधून ट्रामने शहरात जाता येते. तिथे उत्तरेकडच्या भागात रॉटरडॅमच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचा आवाज ऐकू येतो, म्हणून एक भेट संध्याकाळच्या वेळी द्यावी. मेथी, भेंडी आणि कढीपत्त्यासाठी हेगची पॉल क्रुगरलान आणि रॉटरडॅमची वेस्ट-क्राउसकाडे हे दोन्ही रस्ते सुरिनामी दुकानदारांमुळे भरवशाचे आहेत.

ज्या झाडांसाठी हा सारा खटाटोप, त्यांचाही हिशेब मांडावा. रस्त्यावरचे झाड नगरपालिकेचे असते आणि आपल्या बागेतील मोठे झाड तोडायलाही बहुधा परवाना लागतो. दक्षिणेला जुने झाड असेल तर छपरावरील सौर पॅनेलांचा उपयोग घटतो. युद्धपूर्व घरांचा ऊर्जा दर्जा मुळातच कमी असतो आणि २०२४ पासून गृहकर्जाची कमाल मर्यादा या दर्जाशीही जोडलेली आहे. त्यामुळे ही बाब केवळ वीजबिलापुरती राहत नाही.

खर्चाच्या बाजूला, स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या घरावर किमतीच्या २ टक्के हस्तांतरण कर लागतो, म्हणजे ७,००,००० युरोच्या घरावर १४,००० युरो. पस्तिशीच्या आतील पहिल्यांदा सवलत घेणाऱ्यांना तो माफ असतो, पण २०२५ साली त्यासाठी घराच्या किमतीची मर्यादा ५,२५,००० युरो होती आणि या दोन्ही वस्त्यांतील बागेसह घर त्या मर्यादेत बसणे कठीणच. कर्ज घराच्या मूल्याइतकेच मिळते. त्यामुळे हा कर, नोटरीचे शुल्क आणि मूल्यापेक्षा चढवून लावलेल्या बोलीची रक्कम आपल्या बचतीतून द्यावी लागते.

लहान मुले, दहा वर्षांहून अधिक राहण्याचा बेत आणि हाताशी राखीव रक्कम असेल, तर पायाचा समाधानकारक अहवाल असलेले हिलेगर्सबर्गमधील घर मी निवडेन. बचत सगळी बोलीतच जाणार असेल किंवा चार-पाच वर्षांत परत फिरण्याची शक्यता असेल, तर बेनोर्डनहाउटमधील सुस्थितीतल्या संघटनेचा फ्लॅट अधिक सुरक्षित आहे. अहवाल नसलेले हिलेगर्सबर्गचे घर कितीही आवडले, तरी कर्जमंजुरीच्या अटीबरोबर पायातपासणीची अटही करारात घालून घ्यावी. घराशेजारी खड्डा खणून खांबांची डोकी तपासली जातात आणि पुढील किती वर्षे काही करावे लागणार नाही हे अहवालात लिहिले जाते. पंचवीस वर्षांहून अधिक असे लिहिलेले असेल तर निर्धास्तपणे पुढे जावे. गर्दीच्या बाजारात विक्रेता ही अट नाकारू शकतो. तशा वेळी, सही केलेल्या कराराची प्रत मिळाल्यानंतर खरेदीदाराला कायद्याने मिळणाऱ्या तीन दिवसांच्या विचारमुदतीवर भिस्त ठेवू नये, कारण खड्डा खणून अहवाल यायला त्याहून जास्त वेळ लागतो. मुदत उलटल्यावर माघार घेतली तर सहसा किमतीच्या १० टक्के दंड भरावा लागतो. त्यापेक्षा बोली लावण्याआधीच तपासणीचा खर्च सोसणे किंवा ते घर सोडून पुढच्या रस्त्याकडे वळणे बरे.