लिव्हिंग विल: 2018 ची वाट आणि 2023 ची

2018 साली सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विलला, म्हणजे बरं होण्याची आशा नसताना जीव लांबवणारे उपचार नकोत असं आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली खरी, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. व्हीलचेअरवरच्या आजींना कोर्टाच्या पायऱ्या कोण चढवणार? शिवाय उपचार थांबवायचे का यावर मत देणाऱ्या वैद्यकीय मंडळावर 20 वर्षं अनुभवाचे डॉक्टर लागायचे. तालुक्याला ते आणायचे कुठून?

अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने पुन्हा कोर्ट गाठलं. 2023 पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो, अनुभव 5 वर्षांचा पुरतो आणि मंडळाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. ही वाट उघडच बरी, एकामागून एक दोन मंडळांचं मत अजून लागत असलं तरी.

कागद सांभाळायचा कुणी, हा प्रश्न मुंबईच्या डॉ. निखिल दातारांनी हायकोर्टात नेला, मग महाराष्ट्राने कस्टोडियन नेमले. मी पाहिलेल्या वृद्धाश्रमात मात्र तो कागद गादीखाली, औषधांच्या चिठ्ठ्यांसोबत घडी घालून.