हॅलॉन की पाणी? केबिनमधल्या आगीसाठी कुठली बाटली उचलायची

केबिन क्रूच्या प्रशिक्षणात एक प्रश्न हमखास येतो: विमानात आग विझवायची हॅलॉन वायूची बाटली आहे, पाण्याचीही आहे, मग आधी हात कुठे घालायचा? माझं उत्तर असं: ज्वाळा दिसतायत पण नेमकं काय जळतंय ते कळत नाही, तर डोळे झाकून हॅलॉन. बॅटरी पेटली असेल, तर मात्र हॅलॉननंतर लगेच पाणी हवंच.

हॅलॉन १२११ (बाटलीत असतो तो हॅलॉनचा प्रकार) याचा मोठा गुण म्हणजे ते कशावरही चालतं. कागद, कापड, तेल, वायरिंग, सगळ्यावर. ते वीज वाहून नेत नाही आणि मागे पावडरचा राडाही ठेवत नाही. ज्वलनाची रासायनिक साखळी तोडून ते ज्वाळा विझवतं, तेही झटक्यात. पण बाटली दहा-बारा सेकंदांत रिकामी होते, त्यामुळे नेम आधी धरायचा आणि मग दाबायचं. बाटली उभी, रोख आगीच्या मुळाशी, अंतर दोनेक मीटर. पेटलेल्या तेलावर फार जवळून मारलं तर तेलच उडून आग पसरते. बंद जागेत वापरणार असाल तर आधी स्मोक हूड, म्हणजे धुरापासून वाचवणारं डोक्यावरचं आवरण, चढवा. धूर आणि तापलेल्या हॅलॉनपासून निघणारे वायू, दोन्ही वाईट.

पाण्याच्या बाटलीत जेमतेम सव्वा-दीड लिटर पाणी असतं. मूठ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पूर्ण फिरवली की आतली गॅसची कुपी फुटून दाब तयार होतो, मग अंगठ्याने खटका दाबायचा. सीटचा फोम, उशी, कागदाचा ढीग यांच्यासाठी उत्तम, कारण आत धुमसणारा निखारा भिजतो. वीज चालू असलेल्या उपकरणावर आणि तेलावर पाणी नाही.

खरा फरक लिथियम बॅटरीत कळतो. पॉवर बँक किंवा लॅपटॉपमध्ये एक सेल तापून फुटला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. हॅलॉनने ज्वाळा जातात, उष्णता तिथेच राहते, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला की पुढचा सेल भडकतो. म्हणून ज्वाळा विझल्या की चार्जर काढा, सीटची वीज बंद करा आणि पाणी ओतत राहा. बाटली संपली? गॅलीतलं (विमानातल्या स्वयंपाकघरातलं) पाणी, ज्यूस, सोडा, अल्कोहोल नसलेलं काहीही चालेल. बर्फ ठेवू नका, ब्लँकेट टाकू नका. दोन्हींमुळे उष्णता आत कोंडते. बॅटरीची आग आहे आणि हाताशी फक्त पाणी आहे, तर हॅलॉन शोधत बसू नका. आग-रोधक पिशवीचं कौतुक बरंच होतं, पण धूर सोडणारं, फुसफुसणारं उपकरण उचलून तिच्यात घालायला जाणं मला तरी पटत नाही. आधी गार करा, मग पिशवी.

टॉयलेटमध्ये निर्विवादपणे हॅलॉन. पाण्याची धार समोर दिसेल तेवढंच भिजवते, वायू कोपऱ्याकोपऱ्यात भरतो. दाराला हाताची मागची बाजू लावून ते तापलंय का बघा, दार नोझलपुरतं किलकिलं करा, बाटली मारा, दार बंद. पण इथे एक मोठा धोका आहे. २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या ७९७ फ्लाइटमध्ये क्रूने टॉयलेटमध्ये कार्बन डायऑक्साइडची बाटली मारली. आग मात्र पॅनेलच्या मागे होती. विमान सिनसिनाटीला उतरलं, दारं उघडल्यावर थोड्याच वेळात आतून भडका उडाला आणि ४६ पैकी २३ जण गेले. आगीचं मूळ सापडलं नाही तर कुठली बाटली हा वाद फिजूल. कुठलं पॅनेल तापलंय ते हाताने शोधा आणि कॉकपिटला कळवत राहा.

ओव्हनमधल्या आगीला आधी दोन्ही नकोत. दार बंदच ठेवा, वीज तोडा. बहुतेक वेळा हवेअभावी ती आतच विझते.

ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारामुळे विकसित देशांत हॅलॉनचं उत्पादन १९९४ पासून बंद आहे, आणि नव्या विमानांत हॅलोट्रॉन बीआरएक्ससारखे पर्याय येतायत. वापरायची पद्धत जवळपास तीच. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत हॅलॉनच्या आणि या नव्या बाटल्यांचा दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघायचं. मूठ फिरवायच्या पाण्याच्या बाटलीत आधी दाबच नसतो, त्यामुळे तिथे सीलची तार शाबूत आहे का तेवढं पाहायचं.