बोनेटवरचा तारा: जुना ट्रक उभा करण्याच्या नादात नाशिकमध्ये झालेली माझी फसवणूक

चार लाख नव्वद हजार रुपये आणि जवळजवळ अकरा महिने खर्च करून माझ्या हाती जे आले, ते एका ट्रकची केबिन, दुसऱ्याची चासी (खालचा लोखंडी सांगाडा) आणि तिसऱ्याची कागदपत्रे असे कडबोळे होते. जुनी वाहने हौसेने पुन्हा उभी करणाऱ्यांची संख्या आपल्याकडे वाढते आहे, आणि त्यांतील बरेच जण माझ्यासारखेच निवृत्त, हाताशी थोडी पुंजी असलेले आणि मनाला काहीतरी विरंगुळा शोधणारे असतात. त्यांच्यासाठी हा अनुभव संकोच बाजूला ठेवून लिहीत आहे.

माझे वडील १९६० च्या दशकात लासलगावहून मुंबईला कांद्याच्या खेपा करीत. त्यांच्याकडे टेल्कोचा (म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा) तो गोल नाकाचा ट्रक होता, ज्याच्या जाळीवर मर्सिडीज-बेंझचा तीन टोकांचा तारा असे. टेल्को आणि डायम्लर-बेंझ यांचा करार १९५४ मध्ये झाला आणि तो १९६९ पर्यंत चालला. त्या पंधरा वर्षांत जमशेदपूरहून बाहेर पडलेल्या या ट्रकला ड्रायव्हर मंडळी नुसते ‘मर्सिडीज’ म्हणत. कसाऱ्याचा घाट चढताना केबिनमध्ये पायांना लागणारी इंजिनाची ऊब मला अजून आठवते. वडील गेले, ट्रक त्याआधीच विकला गेला होता, आणि मी शिक्षकी पेशात शिरल्यावर तो विषय मिटला.

ऑगस्ट २०२२ मध्ये माझी पत्नी गेली. त्यानंतरच्या वर्षभराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. झोप लागत नसे, आणि लागली तरी पहाटे तीनला जाग येऊन मी स्वयंपाकघरातल्या डब्यांची जागा बदलत बसे. मुलीच्या आग्रहावरून मी समुपदेशकांकडे जाऊ लागलो. त्यांनी एकदा विचारले की, हातांना कष्ट पडतील, रोज थोडे पुढे सरकेल आणि संपायला महिने लागतील, असे एखादे काम तुम्हाला करावेसे वाटते का? माझ्या तोंडून ‘वडिलांसारखा ट्रक’ हे शब्द निघाले, आणि ते ऐकून मी स्वतःच चकित झालो.

डिसेंबर २०२३ मध्ये ओळखीच्या एका टेम्पोचालकाने मला मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या एका शेडमध्ये नेले. शेडचा मालक पन्नाशीचा, मृदू बोलणारा, हातावर ग्रीसचे डाग असलेला गृहस्थ होता. अंबड-लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला, तेव्हा आपलेही दुकान गेले आणि पुन्हा शून्यातून उभे राहावे लागले, असे त्याने पहिल्याच भेटीत सांगितले. ते खरे होते की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. परंतु त्या वाक्याने माझ्या मनात त्याच्याविषयी जी आपुलकी निर्माण झाली, तिचे पुढे त्याने व्याजासकट पैसे केले. मी माझ्या पत्नीविषयी बोललो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “सर, ही गाडी तुमची हौस नाही, हे तुमचं औषध आहे. धंदा मी दुसऱ्यांबरोबर करीन.”

शेडच्या मागे घाणेरीच्या झुडपात ट्रक उभा होता. टायर बसलेले, हौदा नाही, काचा नाहीत, पण जाळीवर तो तारा. आरसी बुकावर नोंदणीचे वर्ष १९७२ होते. येथे मला थांबायला हवे होते. करार १९६९ मध्ये संपल्यावर टेल्कोच्या ट्रकवरून तारा गेला, हे मला तोंडपाठ होते. वर्गात असते तर एखाद्या मुलाने केलेली ही चूक मी लाल शाईने खूण करून दाखवली असती. मी त्याला तसे विचारलेही. “शिल्लक माल होता सर, कंपनीने दोन-तीन वर्षं तोच लावला,” असे उत्तर आले. मला ते पटले नव्हते, पण मी मान डोलावली. फसवणाऱ्याचे पहिले खोटे बहुधा पकडता येण्याजोगे असते, आणि ते आपण पकडतो की सोडून देतो, एवढेच तो पाहत असतो.

ट्रकचे एक लाख साठ हजार ठरले. अर्धे चेकने दिले आणि अर्धे, त्याच्या विनंतीवरून, रोख.

पुढचे पाच महिने, खरे सांगायचे तर, माझ्या आयुष्यातील चांगले महिने होते, आणि या प्रकरणाची सगळी गोम तिथेच आहे. त्याने मला शेडच्या एका कोपऱ्यात जागा दिली. मी इंदिरानगरहून सकाळी नऊला पोहोचे, जुने कपडे चढवी आणि तारेच्या ब्रशने केबिनचा गंज खरवडत बसे. दाराच्या बिजागऱ्या रॉकेलात बुडवून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी पुसून ग्रीस लावायचे, घासलेल्या पत्र्यावर रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, अशी कामे मी शिकलो. अकरा वाजता शेडमधली पोरे चहा आणीत आणि माझ्यासाठी बिनसाखरेचा वेगळा ग्लास असे. मला रात्री झोप लागू लागली. मुलीला फोनवर माझ्या आवाजातला फरक जाणवला. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी एखादी रक्कम मागितली गेली, तर ती मला ट्रकच्या खर्चापेक्षा या दिनक्रमाची फी वाटे, आणि दिनक्रम मोडेल या भीतीने मी हिशेब विचारत नसे.

इंजिन बांधायला म्हणून त्याने पंच्याऐंशी हजार घेतले. सहा सिलिंडरचे ते धूड साखळीने उचलून एका टेम्पोत चढवताना मी स्वतः पाहिले. मालेगावच्या एका जुन्या मिस्त्रीकडे जाईल, लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) आणि पिस्टन नवे पडतील, क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) घासून येईल, असे सांगण्यात आले. मधल्या काळात माझ्या मोबाइलवर उघडलेल्या इंजिनाची छायाचित्रे येत. एका छायाचित्रात ब्लॉकचा रंग हिरवा होता, आमचा करडा. विचारले तर ‘प्रायमर मारलाय’ असे कळवण्यात आले. उघड्या इंजिनाला प्रायमर कोणी आधी मारत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पत्राकामाचे एक लाख दहा हजार, सागवानी हौदा आणि फाळक्याचे साठ हजार, रंगाचे चाळीस हजार असे आकडे पुढे येत गेले. शेवटचे पस्तीस हजार कागदपत्रांचे होते. गाडी जुनी असल्याने तिची माहिती संगणकावर नाही, आधी ‘बॅकलॉग एंट्री’ करावी लागेल, मग नाव चढेल आणि त्यानंतर केंद्र सरकारच्या नव्या नियमाने ‘व्हिंटेज’ नंबर मिळेल, असा त्याचा दावा होता. बॅकलॉग एंट्री हा खरोखरचा प्रकार आहे, त्यामुळे बाकीचेही खरे वाटले. प्रत्यक्षात १५ जुलै २०२१ ची ती अधिसूचना मी नंतर शब्दशः वाचली. तिच्यानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी आणि चारचाकी वाहने व्हिंटेज ठरतात खरी, परंतु ती वैयक्तिक, अव्यावसायिक वापराची असावी लागतात, आणि त्यांची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो. नव्या नोंदणीचे सरकारी शुल्क वीस हजार आहे. माल वाहण्यासाठी नोंदलेला आणि वर इंजिनापासून पत्र्यापर्यंत सगळे बदललेला ट्रक त्या व्याख्येत कसा बसणार होता, हे विचारायचे मला सुचले नाही. दोन पाने वाचली असती तर पस्तीस हजार वाचले असते.

सप्टेंबर २०२४ मध्ये इंजिन परत आले. चंदेरी रंगात ते इतके देखणे दिसत होते की मी त्याच्या शेजारी उभा राहून फोटो काढून घेतला. ते बसवल्यावर ‘पंपाचे काम बाकी आहे’ म्हणून सुरू मात्र करण्यात आले नाही. एक महिना गेला. ऑक्टोबरमध्ये आमच्या जुन्या वाड्यातले शेजारी, ज्यांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून सारी नोकरी केली, ते ट्रक पाहायला म्हणून माझ्याबरोबर आले. मालक त्या दिवशी गावाला गेला होता आणि शेडमध्ये एकच पोरगा होता.

फिटरकाकांनी काहीही न बोलता खिशातून एक लोहचुंबक काढले. ते केबिनच्या पत्र्यावर ठेवले की घसरून खाली येई. थोडे बाजूला ठेवले तर चिकटे, पुन्हा घसरे. एक लाख दहा हजारांच्या पत्राकामात बोटभर जाडीची पुट्टी भरलेली होती. मग त्यांनी ऑइलची डिपस्टिक ओढली. ती कोरडी होती. ते ट्रकखाली सरकले, सम्पचे, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकाचे, बोल्ट काढायला त्यांना पाऊण तास लागला, आणि मग त्यांनी मला खाली बोलावले. “टॉर्च मारा, गुरुजी.” मी टॉर्च मारला. क्रँक नव्हता, पिस्टन नव्हते. सहाही लायनरमधून उजेड थेट वर हेडपर्यंत गेला. आतला माल काढून विकलेला आणि बाहेरून रंगवलेला तो रिकामा ब्लॉक होता.

चासी नंबरचे प्रकरण त्यांनी शेवटी काढले. आरटीओत नाव चढवताना चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून जो छाप घेतात, तसा छाप घ्यायला त्यांनी मला सांगितले. आडवी धरलेली पेन्सिल मी हलक्या हाताने फिरवली. कागदावर आकडे उमटले, पण त्यांच्याभोवती ग्राइंडरच्या बारीक समांतर रेघाही उमटल्या, आणि शेवटचे तीन आकडे उरलेल्यांपेक्षा किंचित खाली, वाकडे होते. डोळ्यांना नव्या काळ्या रंगाखाली यातले काही दिसत नव्हते. हा छाप पैसे देण्याआधी घ्यायला दोन मिनिटे आणि एक पेन्सिल लागते.

आरसीवर नाव असलेल्या मालकाचा पत्ता सिन्नर तालुक्यातला होता. माझ्याकडे त्यांच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० (मालकी हस्तांतराचे अर्ज) होते, म्हणून मी त्यांना भेटायला गेलो. दार त्यांच्या मुलाने उघडले. वडील जाऊन नऊ वर्षे झाली, असे त्याने सांगितले. “सर, ती गाडी बाबांनी जाण्याआधीच किलोवर विकली होती. आम्ही पुस्तक परत मागायलाही गेलो नाही.” मृत मालकाच्या वाहनाचे हस्तांतर वारसांमार्फत फॉर्म ३१ ने होते, माझ्याकडचे दोन्ही फॉर्म गेलेल्या माणसाच्या नावाने कोणीतरी सही केलेले होते. त्या घरात मला चहा आणि शेंगदाण्याची चिक्की मिळाली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाने लेखी जबाब द्यायची तयारी दाखवली.

शेडच्या मालकाला मी फोन केला तेव्हा त्याच्या आवाजातला मृदूपणा तसाच होता. आधी ‘मिस्त्रीने मलाही फसवले’, मग ‘दिवाळीनंतर बघू’, आणि शेवटी, “सर, तुम्हाला बरं वाटलं ना इतके महिने?” हे वाक्य मला पैशांपेक्षा जास्त लागले. त्यानंतर फोन बंद झाला.

पोलीस ठाण्यात मला दोन गोष्टी कळल्या. व्यवहार १ जुलै २०२४ च्या आधी सुरू होऊन नंतर संपला असल्याने जुन्या दंड संहितेचे कलम ४२० लागू करायचे की भारतीय न्याय संहितेचे ३१८, यावरच पहिला अर्धा तास गेला. दुसरी गोष्ट अधिक गंभीर: चार लाख नव्वद हजारांपैकी केवळ एक लाख बहात्तर हजारांचा पुरावा चेक आणि यूपीआयच्या स्वरूपात माझ्याकडे होता. उरलेले तीन लाख अठरा हजार रोख गेले होते आणि त्यांची नोंद माझ्या वहीखेरीज कुठेही नव्हती; जीएसटी क्रमांक असलेले एकही बिल नव्हते, कामाचा लेखी करार नव्हता. समोरच्याने औषध म्हणून दिलेल्या गोष्टीची पावती मागणे मला तेव्हा कद्रूपणाचे वाटले होते. जिल्हा ग्राहक आयोगातही मी तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. लाजेपोटी घरी बसलेल्यांची ती मुदत नकळत निघून जाते, म्हणून मुद्दाम सांगतो.

समुपदेशकांना हे सांगायला मी महिनाभर टाळले. सांगितल्यावर त्यांनी विचारले की, झोप पुन्हा गेली का? गेली नव्हती.

ट्रक पंचनाम्यानंतर जागेवरच आहे. फिटरकाकांच्या मते त्यातली एकच वस्तू नक्की तारा असलेल्या काळातली आहे, ती म्हणजे केबिनचे डावे दार, जे मी स्वतः घासलेले आणि पुट्टी न लागलेले आहे. आतल्या बाजूचे रंगाचे थर तेवढे राहिले होते. मागच्या आठवड्यात पंचांसमोर ते खरवडले, तेव्हा निळ्या रंगाखाली हाताने रंगवलेली ‘इंदूर–आग्रा’ ही अक्षरे आणि त्यांच्याखाली चार आकड्यांचा एक नंबर निघाला, जो माझ्या आरसीवरच्या नंबराशी जुळत नाही. त्याचे छायाचित्र तपासी अधिकाऱ्यांनी कागदपत्रांना जोडले असून, तो नंबर कोणत्या गाडीचा, याची विचारणा त्यांनी आरटीओकडे केली आहे.