सोलापूर रस्त्यावरील रोपवाटिकेतले ओरेगॅनो: रोप उत्तम, माती बदलणे आवश्यक

हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्यालगत असलेल्या रोपवाटिकांपैकी एकीतून थंडीच्या सुरुवातीला आणलेले ओरेगॅनोचे रोप गच्चीवर एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढून आज चांगले पसरले आहे. किंमत तुळशीच्या रोपापेक्षा थोडी अधिक होती आणि ती मला रास्त वाटते, कारण रोप अस्सल निघाले. ओरेगॅनो म्हणून पुष्कळदा पानओवा हाती दिला जातो. दोन्हींत कार्व्हाक्रॉल हे सुगंधी द्रव्य असल्याने केवळ वासावर विसंबता येत नाही. पानओव्याचे पान जाड, मांसल आणि दातेरी कडेचे असते, तर ओरेगॅनोचे लहान, पातळ आणि लंबगोल. गजऱ्यातला मरवा ओरेगॅनोच्याच प्रजातीतला असला, तरी त्याचा वास गोडसर असतो.

माझी तक्रार आहे ती मातीबद्दल. भूमध्य समुद्राच्या परिसरातील कोरड्या, खडकाळ उतारांवर वाढणाऱ्या या वनस्पतीला पिशवीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा, पाणी धरून ठेवणारा भुसा) ठासून लावले होते आणि वर रोज पाणी घालण्याचा सल्लाही मिळाला. असे केल्यास पुण्याच्या पावसाळ्यात मुळे कुजण्याचा धोका फार मोठा आहे. म्हणून मी रोप भाजक्या मातीच्या कुंडीत हलवले, त्यात पोयटा माती आणि जाड वाळू निम्मी-निम्मी घेऊन थोडेसेच गांडूळखत मिसळले, आणि वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी दिले. जून ते सप्टेंबर कुंडी पन्हळी पारदर्शक पत्र्याखाली ठेवली, म्हणजे पाऊस लागला नाही, पण उजेड मिळत राहिला. एरवी त्याला दिवसाचे निदान सहा तास ऊन हवेच.

चवीबाबत मी पूर्ण समाधानी आहे. कळ्या धरल्यावर, पण फुले उमलण्यापूर्वी, फांद्या कापून सावलीत वाळवल्या, तर पाने ताज्यापेक्षाही उग्र लागतात. टोमॅटोच्या सारात शेवटी चुरडून घातलेली चिमूटभर पुरते. पिझ्झासोबत येणाऱ्या पुडीत बहुधा मीठ आणि इतर मसालेही असतात, त्यामुळे तिच्याशी याची तुलनाच नको.

रोप घ्यायला जरूर जावे, मात्र पान नीट पाहून घ्यावे आणि घरी आल्यावर माती बदलण्यास उशीर करू नये. दुसरे रोप विकत घेण्याची गरज नाही, कारण पावसाळा सरल्यावर कोवळ्या शेंड्यांची छाटकलमे ओलसर वाळूत सहज मुळे धरतात.